ट्यूबात गाणं नसतं

ओदिलिया माझ्याकडे राहायला आली तेव्हा पुढे ती होती आणि मागून दोन बाप्ये घोंगडीत गुंडाळलेलं एक पितळी धूड वाहून आणत होते. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "मुलगी एक येणार असं ठरलं होतं. हे दुसरं काय जेवतं?"

ती हसली नाही. पंधरा वर्षांची पोर, सान तेल्मोहून सहा तास ट्रकच्या फळीवर बसून आलेली. म्हणाली, "ट्यूबा आहे, मावशी. जेवत नाही, पण जागा लागते."

आमच्या सांता ब्रिखिदात संगीताची शाळा आहे. डोंगरापलीकडच्या गावांतली पोरं इथे येऊन राहतात, सकाळी हायस्कूल करतात आणि दुपारी संगीत. तीस वर्षं मी अशी पोरं घरात ठेवतेय. माझे स्वतःचे दोघे मुलगे सीमा ओलांडून उत्तरेला कामाला गेले ते गेलेच. घरात कुणी तरी फुंकत असलं की मला बरं वाटतं, हे कशाला लपवू? पण क्लॅरिनेटवाली पोर ठेवणं वेगळं आणि ट्यूबावाली ठेवणं वेगळं. पहिल्याच संध्याकाळी हिनं मागच्या अंगणात ट्यूबा फुंकला आणि फळीवरच्या बशा थरथरल्या. चौथ्या दिवशी शेजारीण सांगायला आली की तिच्या कोंबड्या अंडी घालेनात. त्या कोंबड्यांनी दोन वर्षं अंडं घातलं नव्हतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नाचता येईना अंगण वाकडं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. पण ओदिलियानं ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती ट्यूबा अंगात अडकवून वरच्या दफनभूमीच्या भिंतीशी जाऊन वाजवू लागली.

"तिथे तुझं कोण ऐकतं गं?" मी विचारलं.

"कुणी नाही. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत."

ट्यूबा तिनं मागितला नव्हता. तिला क्लॅरिनेट हवं होतं. पण सान तेल्मोचे पुरुष एकेक करून उत्तरेला गेले, बँडमधलं सगळ्यात मोठं वाद्य उचलायला कुणी उरलं नाही, आणि ग्रामसभेनं ठरवलं की ही पोर धडधाकट आहे, तिला पाठवा. ग्रामसभेपुढे कुणाचं चालतं? वाजवणाऱ्याला गावाच्या श्रमदानाला जावं लागत नाही, हा मान असतो. पण वाजवणाऱ्याला दुसरंही कुठे जाता येत नाही, हे त्या मानाबरोबर कुणी सांगत नाही.

पाचला उठायची. माझ्याबरोबर मक्याच्या भाकऱ्या थापायची, मी नको म्हटलं तरी. काळा घेवडा आणि कॉफी पोटात टाकून हायस्कूल. दोनला येऊन उभ्या उभ्या जेवण, तीनला संगीतशाळा, तिथून दफनभूमी, आणि मग चुलीशेजारी बसून गणितं. पेंगत पेंगत बोटं वहीवर आपटायची, तीन बोटं, जशी पिस्टनवर आपटतात तशी. शनिवार-रविवार शाळेचा बँड कुठल्या ना कुठल्या गावच्या उत्सवाला. पंचक्रोशीतल्या सगळ्या संतांचे वाढदिवस तिला पाठ होते. स्वतःचा सोळावा तिनं ट्रकमध्ये काढला आणि मला आठवड्यानं सांगितला. मी चिडले. "आधी सांगितलं असतंस तर पानात गुंडाळून मक्याचे तामाले उकडले असते की!"

"त्या दिवशी तिथेही तामालेच होते, मावशी."

मैत्रिणी नव्हत्या असं नाही. बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या पोरी दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर जमायच्या, चार जणी मिळून गाणं वाजवायच्या, दोन वाजवायच्या आणि दोन हसायच्या. ओदिलियाला बोलवायच्या. ही एकदाच गेली. तिचा ट्यूबा सुरू झाला की त्यांना एकमेकींचं ऐकू येईना. मग हीच जाईना झाली.

मी कधी कधी भाजी निवडत अंगणात बसायची तेव्हा वरून तिचा आवाज यायचा. भुम्, भुम्, मध्ये गप्प, पुन्हा भुम्. कुठलं गाणं ते देवाला ठाऊक. विचारलं तर म्हणायची, "ट्यूबात गाणं नसतं, मावशी. गाणं पुढच्या रांगेत असतं. मी नुसती खाली असते."

तिची आई एर्मिनिया लॉस एंजेलिसला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. ओदिलिया पाच वर्षांची असताना गेली. कागद नाहीत, त्यामुळे एकदा इकडे आली की तिकडे परत जाणं नाही. रविवारी तिला सुट्टी असते आणि तीन वाजता ती फोन करते. आणि रविवारी तीनला ओदिलिया कुठल्या तरी चर्चसमोर ट्यूबा फुंकत असायची. संगीतशाळेचे क्रिसोफोरो मास्तर बँड निघाला की सगळ्या पोरांचे फोन मक्याच्या पोत्यात जमा करून घेतात. म्हणून मग फोन मलाच यायचा. दोन वर्षांत त्या बाईनं लेकीपेक्षा माझ्याशीच जास्त गप्पा मारल्या. दोन डोंगर ओलांडले की बोली बदलते, म्हणून आम्ही दोघी स्पॅनिशमध्ये बोलायचो, दोघींच्याही चुका सारख्याच.

"ताई, कशी वाजवते हो ती?" दर रविवारी विचारायची.

"मला काय कळतंय? बशा हलतात, एवढं खरं."

"मी एकदाही ऐकलं नाही तिला."

तेच ओदिलियाच्याही मनात होतं. मी म्हटलं, "अगं, मग फोनवर वाजव की तिच्यासाठी एखाद्या दिवशी." तर अंगावरच आली. "एकटा ट्यूबा काय ऐकवू? ती म्हणेल, एवढ्यासाठी पोर परगावी ठेवली? तिनं मला बँडमध्ये ऐकायला हवं. एकदाच. पण सगळं."

संधी आली ती आमच्याच उत्सवात, एक फेब्रुवारीला. हल्ली उत्सव थेट फोनवर दाखवतात. आमच्यातला एक जण तिकाटण्यावर कॅमेरा लावतो आणि उत्तरेतली सगळी मंडळी काम टाकून बघत बसतात, सलाम-नमस्कार लिहून पाठवतात. आणि आमच्याकडची रीत अशी की, दुपारी शाळेचा बँड बास्केटबॉलच्या मैदानावर बसतो आणि बँडमध्ये ज्या ज्या गावचं पोर आहे त्या त्या गावची नाचाची चाल वाजवतो. ज्या गावची चाल त्या गावची माणसं उतरून नाचतात. दुसऱ्या कुणी बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. सान तेल्मोची चाल त्या वर्षी पहिल्यांदाच वाजणार होती. ओदिलियानं आठ महिने मास्तरांच्या मागे लागून ती बसवून घेतली होती. आईला काय वाजणार ते सांगितलं नव्हतं, नुसतं म्हणाली होती, "चार वाजता बघ." एर्मिनियानं कारखान्यातून रजा घेतली. गुरुवार होता.

मी मैदानाच्या कडेला रश्शाच्या पातेल्यापाशी होते. एकेका गावची चाल झाली, माणसं नाचली, धूळ उडाली. मग मास्तरांनी हात वर केला आणि मोठ्यानं पुकारलं, "सान तेल्मो!"

कुणीच उठलं नाही. सान तेल्मोहून कुणी आलंच नव्हतं. तिथे आहेत म्हातारी माणसं आणि लेकरं, सहा तास ट्रकमध्ये कोण येणार? बँड सुरू झाला आणि एवढं मोठं मैदान रिकामं. मागच्या रांगेत ट्यूबाच्या वेटोळ्यात ओदिलियाचं तोंड मला दिसत होतं, तिची नजर मैदानावरून हलेना. माझ्या पायात नाच आला होता, खोटं कशाला बोलू, पण रीत म्हणजे रीत. आणि तो कॅमेरावाला! नाचायला कुणी नाही म्हटल्यावर त्यानं कॅमेरा बंद करून वर टोपी टाकली आणि जेवायला निघून गेला.

माझा फोन वाजला. "ताई, चित्र गेलं हो! चार वाजले ना? चित्र गेलं!"

मी पळी टाकली आणि धावले. मागच्या रांगेत शिरले, ढोलवाल्याच्या पायावर पाय दिला, आणि फोन धरला तो थेट ट्यूबाच्या त्या पसरट तोंडापाशी. म्हटलं, आईला लेकीचंच ऐकायचंय ना, घे मग, पोटभर ऐक. चाल संपेपर्यंत हात खाली घेतला नाही. दंड भरून आला. स्वतःवर अशी खूश होते की विचारू नका.

पोत्यातून फोन मिळाल्याबरोबर ओदिलियानं आईला लावला. मी शेजारीच होते. एर्मिनिया हसत हसत सांगत होती, "ऐकलं की बाळा! केवढा आवाज तुझा! पण खरं सांगू, कुठली चाल ते काही कळलं नाही गं. बैल घोरत असल्यासारखं येत होतं."

ओदिलिया एवढंच म्हणाली, "बरं, आई." फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, फोन कुठे धरला होतात?"

"तुझ्या ट्यूबाशी. अगदी जवळ!"

तिनं मान हलवली. रागावली असती तर परवडलं असतं. ट्यूबा अंगावरून न उतरवताच घरी निघाली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आठ महिन्यांची तिची मेहनत मी एका हातानं बुडवली, ते मला तेव्हा कुठे कळलं.

शुक्रवारी, शनिवारी ती जेवली, भाकऱ्या थापल्या, गणितं केली. बोलली नाही. वाजवायलाही गेली नाही. घरात बशा शांत होत्या आणि मला ती शांतता सहन होईना. रविवारी बँडला सुट्टी होती. दुपारी माझं लक्ष नसताना ट्यूबा घेऊन वर गेली. तीनला फोन आला आणि माझा ताबा सुटला.

"बैल म्हणालीस ना तू तिला?"

"थट्टा केली हो, ताई..."

"सान तेल्मोची चाल होती ती! तुमच्या गावची! तुझ्यासाठी आठ महिने खपून बसवली पोरीनं."

ती म्हणाली, "आमची? मी लग्नात नाचलेय तिच्यावर. ती वाजवत होती आणि मी ओळखली नाही?" आणि बाई रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांचं काही करता येत नाही, मी चढाला लागले. वर पोचेपर्यंत तिनं नाक पुसलं होतं.

ओदिलिया भिंतीला टेकून बसली होती, ट्यूबा मांडीवर. मी फोनचा आवाज मोठा करून भिंतीवर ठेवला, चांगला दहा पावलं लांब. शहाणपण आलं होतं मला.

"बाळा," एर्मिनिया म्हणाली, "तू तुझं वाजव. वरचं मी गाते."

"फोनवर काय कळणार, आई?"

"मला पाठ आहे गं. तू वाजव तर खरं."

ओदिलियानं ट्यूबा अंगात घातला. भुम्, भुम्. आणि तिकडून आईचा आवाज आला, बारीक, कारखान्यातल्या धुळीनं खरवडलेला, पण चाल तीच. मात्र मागे होती. ओदिलिया तिच्यासाठी जरा थांबली. तशी आईही थांबली. ही आणखी हळू, ती आणखी हळू, आणि शेवटी दोघी गप्प.

"का थांबतेस?" आईनं विचारलं.

"तू मागे राहतेस."

"मी कुठे मागे? मी बरोबर तुझ्या जोडीनं गातेय!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी म्हटलं, "अगं एर्मिनिया, जरा पाय उचल की!" पण ओदिलिया फोनकडे बघत राहिली होती. गणित सुटेना की बघायची तशी.

"मावशी, तिची चूक नाही," ती हळू म्हणाली. "माझं तिच्यापर्यंत जायला वेळ लागतो, तिचं इकडे यायला वेळ लागतो. तिथे तिला जुळलेलं ऐकू येतंय. मी तिच्यासाठी थांबले की मोडतं."

"मग काय करायचं?"

"मी थांबायचंच नाही." मग फोनकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आई, तू गा. काही झालं तरी गात राहा." आणि मला म्हणाली, "फोन तुमच्या कानाला लावा, मावशी. तिचा आवाज माझ्याकडे येऊ देऊ नका. ऐकला तर मी थांबेन."

मी मोठा आवाज बंद केला आणि फोन कानाला लावला. ओदिलियानं आमच्याकडे पाठ केली, समोरच्या डोंगराकडे तोंड. आणि वाजवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता, न थांबता. माझ्या एका कानात लेक होती आणि दुसऱ्यात आई, एकीच्या मागून दुसरी. आई दुसऱ्या कडव्याला नाचात मारतात तशी हाळी मारत होती, हसत होती. पोरीला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

शेवटचा भुम् झाला. ओदिलियानं तोंड बाजूला घेतलं. माझ्या कानात आई अजून गात होती. तिचंही संपल्यावर मी फोन पुढे केला.

"बाळा!" एर्मिनियाला धाप लागली होती. "या वेळी बरोबर होतो ना गं आपण? अगदी बरोबर?"

ओदिलियानं ट्यूबाच्या नळीत साचलेलं फुंकरीचं पाणी गवतावर ओतलं.

"हो, आई," ती म्हणाली. "अगदी बरोबर होतो."