एकाच घरी जेवलेला साहेब

भूकंपानंतर परदेशातून आमच्यासाठी ब्लँकेटं आली होती. त्यांत कुणी हात मारला, याची चौकशी करायला साहेब पत्र्याच्या शाळेत बसला. वाटप सरपंचानं केलेलं, आणि साहेब दुपारी जेवला तोही सरपंचाच्याच घरी.

रांगेत माझ्यापुढे शेजारच्या वाडीची एक म्हातारी होती. मी तिचं नाव विचारलं नाही. अनोळखी माणसाशी मला बोलवत नाही. ती सारखी पदराची गाठ चाचपत होती. पाळी आल्यावर तिनं गाठ सोडली आणि भाकरी-ठेचा साहेबापुढे ठेवला.

"जेवा."

"आजी, माझं जेवण झालंय."

"ठाव हाय. पर सोयरीक जुळवणारा दोन्ही घरी जेवतो, साहेब. एकाच घरी जेवला की पोरगी फसली म्हणून समजा."

लोक हसले. साहेबानं लाजेकाजेस्तव घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबाला आपलं लई दुःख झालं."

सरपंच तांब्या घेऊन धावला.

"बघा," म्हातारी म्हणाली, "पाणी बी त्यांच्याच घरचं."

मग माझी पाळी. कागदावर 'ब्लँकेट मिळाले' असं आधीच लिहिलेलं होतं, मी फक्त सही करायची. घरी माझं तान्हं पोत्यात गुंडाळून निजवलेलं. म्हातारी दाराशी थांबून माझ्याकडेच बघत होती.

"न्हाई मिळालं," मी पुटपुटले.

साहेब डोळे पुसत म्हणाला, "मोठ्यानं बोला, बाई."

मी बोलले. माझ्या मागच्या तिघी लगेच ओरडल्या, "आमाला बी न्हाई!"