सत्यशीलाबाईंचं वेगळं कार्ड

शिरूर कासारात पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे. तिथं वैष्णवीताई वेबसाइटी बनवते. शाळेची असो की दूध डेअरीची, प्रत्येकीत ती एकदाच लिहून ठेवलेला कोडचा तोच तुकडा बसवते. आपण एकेक उत्तर भरायचं, तुकडा ते मागच्या मागं सर्व्हरला पोचवतो, पान अडकत नाही. शिवाय लॉगिन कुणाचं, हे तासभर ध्यानात ठेवतो. तासभर कशाला? जन्मसाल विचारलं की आमची माणसं, "त्या साली आमची म्हैस व्याली अन्..." इथून सुरू होतात.

परवा एका संस्थेच्या ऊसतोड कामगारांच्या कार्डनोंदणीचा शेवटचा दिवस. पाचला पान बंद. ताईच्या खोलीत आश्रुबामामांनी घसा खाकरत माहिती भरली, उठले. त्यांची बायको सत्यशीलाबाई बसल्या. शेवटी प्रिंटरमधून कागदी कार्ड निघालं एकच: नाव बाईंचं, फोटोत मामांच्या मिशा!

"आं? मी कुठं गेलो?" मामा.

कुणीही डोकं धरलं असतं. ताईचे डोळे मात्र चमकले. "मामा, उठताना लॉगआउट केलंत का?"

"त्ये कशाला? ऊसतोडीत नवरा-बायकू मिळून एक कोयता, म्हंजी एकच मजूर. मुकादम बी एकच धरतो."

म्हणजे तुकड्याला वाटलं, तोच माणूस उत्तरं बदलतोय; नाव बदललं, फोटो पहिलाच राहिला.

"मामी, एकच कार्ड चालंल का?" ताईनं विचारलं.

"न्हाई चालायचं! गेल्या साली बोट कापलं माझं. इलाजाला दवाखान्यात गेले, तर तिथं म्हणले कार्ड नवऱ्याचं हाय, नवऱ्याला आणा. त्यांच्या बोटाला काय पट्टी बांधणार व्हते?"

घड्याळात सव्वाचार. ताईनं तुकड्यात सोय केली: एकाची माहिती संपली की त्याचं लॉगिन आपोआप बंद, अन् पडद्यावर प्रश्न, 'आता कोण बसलंय?' एका जागी दुरुस्ती, ती शाळेला लागू, डेअरीलाही.

मामांनी पुन्हा भरलं. पडद्यावर प्रश्न आला.

"सत्यशीला," मामाच मागून बोलले.

"तुमी गप ऱ्हावा. मला इचारलंय."

पाचला सहा मिनिटं असताना दोन कार्डं निघाली. मामांनी हात पुढं केला. "आण, दोनी माज्याजवळ ठिवतो. लई जपून ठिवीन."

"ऱ्हाऊ द्या," म्हणत बाईंनी आपलं कार्ड घडी घालून स्वतःच्या बटव्यात टाकलं आणि नाडी दोनदा ओढली.