अक्काने धरलेली जागा

महिन्यापूर्वी साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का गेली. झोपेतच." माझ्या मनात पहिल्यांदा आलं, ही न सांगताच निघाली... आणि लाज वाटली. न सांगता निघून जाणारा तर मी होतो.

शालूअक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी सांगलीला कॉलेजात होतो. रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा तीच धरायची. "माझा भाऊ लय गुणाचा," असं शेजारच्या प्रवाशाला ऐकवायची. पण गाडी सुटायची वेळ झाली की तिचा चेहरा पालटायचा. "जा! तुला मी नकोच हाय. परत तोंड दावू नगंस." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच सांगलीत माझ्या खोलीच्या दारात उभी, हातात शेंगदाण्याची चटणी. "रागावलास व्हय रं?" खोलीतले मित्र हसायचे. कधी तिच्या मनगटावर चटके दिसत. तव्याचे आहेत, म्हणायची. आम्ही मानायचो, कारण ते सोपं होतं.

एकदा मित्रांसमोर मी ओरडलो, "अक्का, नाटकं बंद कर!" पुढच्या रविवारी तिला चुकवून दुपारच्याच गाडीने निघून आलो. आईने नंतर सांगितलं, संध्याकाळच्या गाडीत अक्का रुमाल टाकून माझी जागा धरून बसली होती. कंडक्टरने उतरवलं, तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

'बॉर्डरलाइन' हे तिच्या मानसिक आजाराचं नाव ती पन्नाशीला आल्यावर कळलं. डॉक्टरबाई विचारत गेल्या... माणसं सोडून जातील अशी सतत धास्ती? एकच माणूस आत्ता देव, घटकेत वैरी? स्वतःला इजा? मी हो म्हणत गेलो. यातलं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त त्याला नाटक म्हणत आलो होतो. उपचारांनी अक्का हळूहळू निवळली. एकदा चहा ओतता ओतता म्हणाली, "नाटक नव्हतं रं ते."

"ठाऊक हाय, अक्का." एवढंच बोललो. माफी मागायची राहिली.

चौदावा उरकून सांगलीला निघालो. गाडीत बसलो आणि खिशातला रुमाल काढून शेजारच्या सीटवर टाकला. एकाने विचारलं, "कोन येनार हाय का?"

"व्हय," म्हणालो.

गाडी सुटली. कऱ्हाडपर्यंत मी तो रुमाल उचलला नाही.