टोपण लावलेलं पेन

चाळीसगावला नातीच्या शाळेत एक कारकून आहे. समोरचा कागद मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय तो पेनाचं टोपण काढत नाही. एकदा एक वकील चिडला, "मला वाचता येतं." हा म्हणाला, "मला सवय आहे, साहेब," आणि पुढं वाचत राहिला. मला तो येडा वाटला होता.

नात नववीत गणितात कशीबशी पास झाली. तिचा बाप सुरतला, म्हणून मोठ्या सरांनी मला बोलावलं. ही पोरगी दहावीचा निकाल पाडेल, दुसऱ्या शाळेत घाला, म्हणाले. टाईप केलेला अर्ज हातात दिला. मी दुसरी शिकलेला, पण सही माझी झोकदार. कागद वाचता येत नाही हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. शाळाच तिला काढतेय असं समजून कारकुनाकडे ऐटीत पेन मागितलं.

त्यानं आधी अर्ज वाचला. "मी माझ्या नातीस स्वखुशीने शाळेतून काढत आहे." मग बोलीवर आला. "नाना, तुम्ही पोरले काढी राहिनात का?"

"मी कशाले काढू?"

"मंग सही कशाले?"

आतून मोठे सर ओरडले, "झाली का सही?"

"नाना नाही म्हणतात, सर," असं सांगून त्यानं टोपणासकट पेन खिशाला लावलं.

नात आता दहावीत त्याच शाळेत जाते. परवा तिचा बोनाफाईड आणायला गेलो. कारकुनानं कागद पुढं ओढला, तसा मीच म्हणालो, "वाच रे भो, बठ्ठं वाच, एक अक्षर सोडू नको."