दीडपट शनिवारचा संत

कर्मचाऱ्याचे नाव: लेहतिनेन, अर्वो. विभाग: रस्ते. उपविभाग: फलक व खुणा. उपविभागातील ज्येष्ठताक्रम: शेवटचा. कामाचा आठवडा: सोमवार ते शुक्रवार, दिवसपाळी; शनिवारी दर दीडपट, रविवारी दुप्पट. जादा कामास अन्य कोणी राजी न झाल्यास सक्तीने बोलावण्यास पात्र: होय. सण-समारंभांतील जबाबदारी: निरंक. ज्येष्ठताक्रमात नजीकच्या काळात सुधारणा होण्याची शक्यता: दिसत नाही.

सरोवरकाठच्या टॅमरॅक बंदराच्या नगरपालिकेने ठेवलेल्या या नोंदीत चूक एकही नाही. फक्त ती वाचून एखादा नुकता मिसरूड फुटलेला पोरगा डोळ्यांपुढे येतो, तो येऊ द्यायचा नाही. अर्वो बासष्टीचा होता. आयुष्य बर्फ काढायच्या गाडीवर गेलं होतं, आणि त्यातला बराच काळ तो युनियनचा प्रतिनिधीही होता. करारातली निम्मी कलमं त्याने स्वतः भांडून घातली होती. त्याला शेवटच्या नंबरावर बसवणारं कलमही त्याचंच.

त्याचं असं झालं. मुकादम डुएन स्कोगलंड याचा एक पुतण्या होता, कर्टिस नावाचा. तो बागखात्यात होता. तिथली ज्येष्ठता बरोबर घेऊन तो रस्त्यांच्या खात्यात येणार आणि जुन्या माणसांच्या डोक्यावर बसणार, अशी कुणकुण लागली. पुढच्या वाटाघाटीत अर्वोने कलम घातलं: जो उपविभाग बदलेल, त्याची ज्येष्ठता नव्या जागी शून्यापासून सुरू होईल, मग तो कुणीही असो. ‘मग तो कुणीही असो’ हे शब्द त्याने टेबलावर मूठ आपटून घालून घेतले. पुतण्याने मोटारी विकायचा धंदा धरला. पुढे बारा वर्षांनी अर्वोच्या कमरेने गाडीवर बसायचं नाकारलं, म्हणून त्याने फलक विभागात बदली मागितली. ती लगेच मिळाली. मुकादमाने अभिनंदन करताना चेहरा अगदी सरळ ठेवला होता.

तरी अर्वोची तक्रार नव्हती. फलक विभागात चौघंच: वॉल्ट, लेस्टर, बर्निस बोलियू आणि तो. पाट्या रंगवायच्या, वाकलेले खांब सरळ करायचे, शुक्रवारी घरी जायचं आणि शनिवारी परसातला सॉना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापवायचा. मोठ्या बर्फात मात्र या विभागाने छोट्या गाडीवर एक माणूस द्यायचा असे. आधी ज्येष्ठतेने सगळ्यांना विचारायचं. सगळे नाही म्हणाले, तर सर्वांत खालच्याला सक्तीने बोलवायचं.

आता ‘नाही’ म्हणायची टॅमरॅकमधली पद्धत सांगायला हवी. ज्याच्या पोटात बिअरचा एक घोट जरी गेला असेल, त्याला गाडीवर बोलवायचं नाही, आणि गेलाय की नाही ते त्याच्या शब्दावर मानायचं, असंही एक कलम होतं. त्यामुळे सरोवरावर ढग काळवंडले की गावातल्या रस्ते खात्याच्या घराघरांतून डबे उघडल्याचा फस् असा आवाज येई. पुष्कळजण एकच घोट घेत आणि उरलेलं मोरीत ओतत. माणसं खोटं मात्र बोलत नसत. हे कलमही अर्वोचंच. तो स्वतः प्यायचा नाही. त्याच्या आजोबांनी दारूबंदी मंडळाच्या सभागृहात शपथ घेतली होती आणि ती घराण्यात चालत आली होती.

त्या वर्षी मार्चात अर्वोला संत उर्हो केलं होतं.

उर्हो हा संत कुठल्याही धर्मग्रंथात सापडत नाही. फिनलंडमधल्या द्राक्षमळ्यांवर टोळधाड आली तेव्हा त्याने दाताळं उगारून टोळ समुद्रात हाकलले, असं टॅमरॅकमधले फिन लोक, म्हणजे फिनलंडहून येऊन इथे वसलेली घराणी, सांगतात. फिनलंडात द्राक्षमळे कुठे आहेत, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, उर्हो जरा उशिरा पोचला. दरवर्षी त्याची मिरवणूक निघते. पुढे हिरव्या कापडाचा लांबलचक टोळ पळतो, मागे जांभळ्या झग्यातला उर्हो दाताळं घेऊन धावतो, चर्चपासून निघून टोळ सरोवरापर्यंत पिटाळला जातो आणि मग सगळे वाटाण्याचं सूप पितात.

टोळाच्या आत दोन माणसं असतात. अर्वो वीस वर्षं मागचे पाय होता. वीस वर्षं तो कंबर वाकवून, पुढच्याच्या पट्ट्याला धरून, अंधारात पळत आला होता. उर्हो कसा दिसतो हे त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं. म्हणून मिरवणुकीच्या समितीने त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो सरळ घरी गेला. दारामागचं बर्फ उकरायचं फावडं हातात धरून नुसता आरशापुढे उभा राहिला. बायको मार्लिस नॉर्वेजियन घरातली. उर्होबद्दल तिच्या माहेरी जे हसून बोललं जाई ते तिने सासरी कधी काढलं नव्हतं. तिने झगा शिवला. हिरवी किनार दोनदा उसवून पुन्हा लावली.

शनिवारी मिरवणूक, आणि शुक्रवारी दुपारपासून बर्फ. अर्वोने त्या दिवसाची रजा आधीच टाकून पाहिली होती. शनिवार मुळात सुट्टीचा, आणि सुट्टीच्या दिवशी रजा देता येत नाही, असं उत्तर आलं. उत्तर बरोबर होतं. कलम कुणाचं, ते सांगायला नको.

जेवायच्या वेळेला फोन वाजला.

“अर्वो, मी डुएन.”

“हं.”

“बाहेर बघितलंस?”

“बघितलं.”

“वॉल्टला विचारलं, त्याने डबा उघडलाय. लेस्टरनेही उघडलाय, फोनवर आवाजसुद्धा ऐकवला. बर्निस म्हणते, तिचा दुसरा चाललाय. तू उघडला असशीलच.”

“नाही.”

“मग उघड. मी थांबतो.”

“मी पीत नाही, डुएन.”

“ते का मला माहीत नाही? मी तुला पी म्हणत नाही रे बाबा, प्यालो म्हण म्हणतोय. मग मी कंत्राटदाराला सांगून मोकळा होतो. गाव बोलणार नाही, मी बोलणार नाही.”

अर्वो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर काहीच दिसत नव्हतं.

“हे कलम केलं तेव्हा तुमचा वकील म्हणाला होता, पुरावा काय? मी म्हणालो, माणसाचा शब्द. तू होतास तिथे.”

“होतो ना. तुझ्या समोरच्या बाजूला बसलो होतो.”

“मग?”

फोनमध्ये एक लांब सुस्कारा ऐकू आला. “मग काय! सकाळी आठला ये. मुख्य रस्ता, चर्चपासून सरोवरापर्यंत. आणि ऐक, गाडीवर केशरी जाकीटच घालायचं. झगाबिगा घालून बसलास तर विमावाले माझी कातडी सोलतील.”

“माझी नाराजी लिहून घे.”

“लिहिली. खाली माझीही लिहितो.”

अर्वो येऊन जेवायला बसला. टेबलावर बटाट्याचं हॉटडिश होतं, भट्टीतून थेट काढलेलं एका भांड्यातलं जेवण. मार्लिसने त्याच्या ताटात वाढलं आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

“प्यालो म्हणाला असतास तर आभाळ कोसळलं असतं का?”

“नसतं.”

“मग?”

“बर्निसचा नवरा वारल्यावर तिला पोरांना एकटं सोडून रात्री-बेरात्री जाता येत नसे. ती याच कलमावर घरी राहिली. तिचा शब्द चालला, कारण सगळ्यांचा चालतो.” त्याने काटा उचलला आणि खाली ठेवला. “उर्हो कुणीही होईल. लेस्टरला द्या झगा.”

“लेस्टरला तो गुडघ्यापर्यंत येईल. आणि मिरवणुकीत वाजवायचं अॅकॉर्डियन त्याने कुठे ठेवायचं?” मार्लिसने खुर्ची पुढे ओढली. “इतकी वर्षं मी जेवताना तुझा करार ऐकलाय. एखाद दिवशी ताटात मटण नसेल, पण कलम असायचं. मला एक सांग. जेवणाची सुट्टी कुणाची असते?”

“कामगाराची. बिनपगारी अर्धा तास, चार तास काम झाल्यावर. त्या वेळात मुकादमाने...” अर्वो थांबला.

“हुकूम करायचा नाही,” मार्लिसने वाक्य पुरं केलं. “पंचाऐंशी सालापासून ऐकतेय मी. कपड्यांचं काही आहे त्यात?”

“त्या अर्ध्या तासात मी नगरपालिकेचा नसतोच.”

“मग कुणाचा असतोस?”

अर्वोने खुंटीवरच्या झग्याकडे पाहिलं. मग त्याने हॉटडिश संपवलं आणि आणखी मागितलं.

मार्लिसने समितीला फोन लावला. दोन तासांची मिरवणूक अर्ध्या तासात बसवायची म्हणजे काय काय गाळायचं, यावर चर्चा होईल असं तिला वाटलं होतं. महापौरांचं भाषण गाळायचं, एवढ्यावर भागलं. विरोध कुणीच केला नाही.

शनिवारी सकाळी अर्वो गाडीवर चढला. बर्फ जड होता, ओला होता, मार्चातला असतो तसा कुजकट. गाडी तो ढकलत होती, मागे नवा बर्फ पुन्हा साचत होता. दोन्ही बाजूंनी माणसं जांभळ्या-हिरव्या टोप्या घालून उभी राहू लागली. जाकिटातल्या अर्वोला बघून कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी विचारलं, “उर्हो कुठाय?” अर्वो म्हणाला, “कामावर.”

दुपारी बाराला त्याने बँकेच्या कोपऱ्यावर गाडी बंद केली. सरोवर अजून तीन चौक पुढे होतं आणि ते तीन चौक जसेच्या तसे पांढरे होते. पण बारा म्हणजे बारा. तो खाली उतरला, जाकीट काढून आसनावर ठेवलं आणि चालत चर्चपाशी गेला. मार्लिसने झगा त्याच्या डोक्यावरून घातला. दाताळं हातात दिलं.

“कसा दिसतो?”

“माझ्या सासऱ्यांसारखा,” मार्लिस म्हणाली. हे चांगलं की वाईट, ते तिने सांगितलं नाही.

लेस्टरने अॅकॉर्डियन ताणलं आणि टोळ सुटला. पुढे वॉल्ट, मागे बर्निस. अर्वो आरोळी ठोकून मागे धावला. कमरेने तक्रार केली; त्याने ती दाखल करून घेतली नाही. चार तास गाडीत आखडलेला हा माणूस झगा सावरत असा काही पळत होता की फिन म्हाताऱ्या ओरडू लागल्या आणि त्यांच्या सुनांनी त्यांना धरून ठेवलं.

“महाराज, जरा दमानं!” हिरव्या कापडातून बर्निसचा आवाज आला. “आत काही दिसत नाही मला!”

“माहीत आहे!” अर्वो ओरडला. “पुढे डावीकडे गटाराचं झाकण आहे, पाय उचल!”

बर्निसने उचलला. एवढा जपून पिटाळणारा उर्हो टॅमरॅकने पाहिला नव्हता.

बँकेच्या कोपऱ्यावर साफ केलेला रस्ता संपला. वॉल्ट बंद गाडीला वळसा घालून तसाच पुढे घुसला, दोन पावलं गेला आणि पुढचे पाय दिसेनासे झाले. त्यांच्या पाठोपाठ मागचेही गेले. हिरवं कापड बर्फावर पसरलं आणि त्याच्याखालून बर्निस बोलू लागली. त्यातलं निम्मं छापण्यासारखं नव्हतं.

“अर्वो! गाडी आण!”

“सुट्टीवर आहे.”

“अरे, कमरेपर्यंत गेलेय मी!”

“अजून अकरा मिनिटं आहेत.”

गर्दी इतकी हसली की अॅकॉर्डियन ऐकू येईना. अर्वो मात्र हसला नाही. संत हसत नसावेत, अशी त्याची समजूत होती. तो ढिगाऱ्यावर चढला, दाताळं दोन्ही हातांनी वर उचललं आणि टोळाला बजावलं, “निघ इथून, पुन्हा या गावात दिसू नकोस.” निघणं टोळाच्या हातात नव्हतं, पण ते कुणाला खटकलं नाही. उरलेली मिनिटं अर्वो तसाच उभा राहिला. वीस वर्षांत त्याला ही मिरवणूक एवढ्या उंचावरून दिसली नव्हती. त्याने सगळीकडे नीट बघून घेतलं.

मग त्याने झगा काढला, घडी करून मार्लिसच्या हातात दिला, जाकीट चढवलं आणि गाडी सुरू केली. टोळाला दीडपट दराने बाहेर काढण्यात आलं.

उरलेल्या चौकांसाठी मागवलेल्या कंत्राटदाराच्या दोन गाड्या पुढे कामाला लावून डुएन स्कोगलंड आला आणि छोट्या गाडीच्या पायरीवर चढला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली गरम पेस्टी होती, आत मांस, बटाटा आणि सलगम.

“तू जेवला नाहीस.”

“सुट्टी संपली. कामाच्या वेळात खाता येत नाही, तुला माहीत आहे.”

“मला काय माहीत असायचं?” डुएनने पेस्टी त्याच्या मांडीवर ठेवली आणि पाठ फिरवली. “मी सरोवर बघतोय. बरंच मोठं आहे. वेळ लागेल.”

अर्वोने खाल्लं. डुएनने सरोवर बघितलं. त्या पडत्या बर्फात ते दिसत नव्हतं.

सोमवारी गॅरेजमध्ये वॉल्टने विषय काढला की अर्वोवर अन्याय आहे, पुढच्या करारात ते शून्याचं कलम काढून टाकावं. बर्निसलाही ते पटलं. मागच्या पायांचा अनुभव घेतल्यापासून तिला अर्वोबद्दल नवाच आदर वाटत होता.

“काय रे, काढायचं का?” तिने विचारलं.

“नाही,” अर्वो पाटीवर पांढरा रंग देत म्हणाला. “त्यात ‘कुणीही असो’ असं लिहिलंय. मी कुणीही आहे.”

कलम राहिलं.

मे महिन्यात मोटारींचा धंदा बसला आणि कर्टिस स्कोगलंड फलक विभागात कामाला लागला. अर्वो लेहतिनेन आता शेवटून दुसरा आहे.