माहीत नाय म्हणणारे मामा

कुणी प्रश्न विचारला की मामा आधी चपला काढायचे. मग हात जोडून म्हणायचे, "माहीत नाय. बघून सांगतो." तळ्यात सफाईची पावडर टाकण्याआधी लोकांचा विश्वास मिळवायला आम्ही कंपनीवाले गावात सभा घ्यायचो आणि हे उत्तर ऐकून आमचे साहेब कपाळाला हात लावायचे.

तळं बिडकीन गावाच्या अंगाला. सांडपाण्यानं हिरवंगार, वास असा की पाहुणे दारातूनच परत फिरावेत. तुरटीच्या जातीची पावडर टाकली की घाण तळाला बसते, एवढंच लोकांना पटवायचं होतं. पत्रकं मी लिहायचो. मामा मेंढरं राखणाऱ्या घरातले. तराफ्यावरून पावडर सोडायला त्यांना ठेवलं होतं. लोक माझ्या पत्रकात भजी बांधून न्यायचे आणि प्रश्न मामांना विचारायचे.

एकदा एका आजींनी विचारलं, "ह्या पान्यानं म्हशीचं दूध नासंल का रं?"

चपला निघाल्या. "माहीत नाय."

तळ्याच्या एका कोपऱ्यात चाचणीपुरती थोडी पावडर टाकून झाली होती. मामांनी चार दिवस स्वतःच्या म्हशीला तिथलंच पाणी पाजलं आणि पाचव्या दिवशी भर सभेत स्टोव्ह पेटवला. साहेबांसकट सगळे पातेल्याकडे टक लावून बसले. कुणी शिंकलंसुद्धा नाही. दूध उतू गेलं, पण नासलं नाही. साहेबांचे डोळे भरून आले. स्वतःच्या मुलीच्या लग्नातही ते इतके हळवे झाले नव्हते.

काम सुरू झालं. साहेबांना घाई. त्यांच्या तगाद्यानं मामांनी एकाच जागी ढीगभर पोती रिकामी केली आणि सकाळी मासे मरून वर आले.

"उन्हानं मेले म्हणा," साहेब म्हणाले.

मामा घमेल्यात मासे भरून दारोदार फिरले. "पावडर एका जागी लई झाली. हात माझा व्हता." कुणी चहा दिला, कुणी शिव्या. एकानं विचारलं, "मासे ताजे हायेत का?" मामांनी चपला काढल्या. "माहीत नाय. पन खाऊ नगा."

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. मी गप्प बसलो, त्याची आजही लाज वाटते.

त्यांच्या जागी एक टायवाला आला. सभेत म्हणाला, "शंभर टक्के सुरक्षित!"

आजी सरळ पावडरच्या पोत्यावर जाऊन बसल्या. "मासं मेलं तर सांगाया कोन येनार?"

"मरणारच नाहीत, आजी."

"मंग मी उठत नाय." मागोमाग बाकीच्या बायकाही बसल्या.

शेवटी हार मानून साहेबांनी मला सिल्लोडला, मामांच्या लेकीकडे पाठवलं. मामा मक्याची कणसं सोलत होते. "येतो की. पन चुकलं तर पुन्यांदा सांगनार. साहेबाला इचारून ये."

मी विचारलं. साहेब अजून विचार करताहेत.

पोत्यांतली पावडर दमटपणानं दगड झाली आहे. आजी रोज दुपारी त्यावर बसून शेंगा फोडतात. इथं का बसलात विचारलं तर म्हणतात, "त्यो यायचाय."