वहिनीने नाव घेतलं

पन्नासच्या दशकातली थंडीतली एक सकाळ... गोराईचं खाडीलगतचं तळं आणि काठावर आम्ही तिघं. मी, माझा मोठा भाऊ चक्रधर आणि महिन्याभरापूर्वी लग्न होऊन घरात आलेली आमची वहिनी.

दादाला पक्ष्यांचं भारी वेड. बोरिवलीहून पहाटे निघून, होडीने खाडी ओलांडून दर रविवारी इथे यायचा. का, तर एकदा तरी चक्रवाक बघायचे होते! बाकी सगळं दिसायचं, तेवढे सोडून.

त्या दिवशी तळं नुसतं गजबजलं होतं. लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, पसरट चोचीची थापट्या बदकं, चिखलात चोचीने टाके घालत धावणारे तुतारी पक्षी... कुठे बघू नि कुठे नको असं झालं मला. दादा दुर्बीण घेऊन पुढच्या बांधावर पालथा पडला, आमच्याकडे पाठ करून.

आणि आमच्या बाजूच्या पाण्यात दोन केशरी बदकं उतरली. मी पडले बावळट, मला सगळी बदकं सारखीच. पण वहिनीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. ती भंडाऱ्याकडची, तिच्या माहेरच्या तळ्यावर ही दर हिवाळ्यात यायची.

पण दादाला सांगणार कसं? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तर झालंच. आमच्या वहिनीसाहेब त्या नावाच्या जवळपास जाणारा शब्दही तोंडातून काढायच्या नाहीत. चकलीलासुद्धा 'ते काटेरी' म्हणायच्या!

"अहो," ती कुजबुजली, "ते तुमचे... तुमच्या नावाचे आले."

दादाने न वळताच हात हलवून गप्प केलं. नंतर कळलं, त्याला वाटलं चक्रधर नावाचा कुणी गृहस्थ आलाय.

तेवढ्यात बदकांनी माना उंचावल्या. आता उडणार... वहिनीचा जीव नुसता वरखाली. आणि मग तिला राहवलंच नाही.

"अहो चक्रधर, मागे पाहा ना! चक्रवाक!"

अख्खं तळं उडालं. पाणी, पंख, कलकलाट... मी तर उड्याच मारत होते.

दादा वळला. चक्रवाक त्याच्या डोक्यावरून गेले, त्याने मान वर केलीच नाही. तो वहिनीकडे बघत होता आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

परतताना मी हळहळले, तर म्हणाला, "जाऊ दे गं." चक्रवाक हुकल्याची चुटपुट त्याला लागलेली मी पुढेही कधी पाहिली नाही. बायकोने उखाण्याशिवाय पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं... आणि ते ऐकायला मी तिथे होते, केवढं माझं नशीब!